ज्यानं तगादा लावला नाही, त्याला आधी

मी सलूनमधली खुर्ची बोलतेय. माझ्यावर बसणारा प्रत्येक जण आरशात बघून बोलतो, त्यामुळे माणसांचे चेहरे मला कमी ठाऊक आहेत आणि पाठी जास्त. कुणाची पाठ कशी आहे यावरून मी पुष्कळ काही सांगू शकते, पण आज मला एकाच माणसाबद्दल सांगायचंय आणि तो माझ्यावर बसणारा नव्हे, माझ्यामागं उभा राहणारा आहे.

माझं बूड ओतीव लोखंडाचं आहे. वर पांढरा मुलामा, आता जागोजागी उडालेला. पोटात तेलाचा पंप आहे. बाजूचा दांडा पायानं दाबत गेलं की मी वर चढते आणि दाबून धरला की सुस्कारा सोडून खाली येते. मला बनवून किती वर्षं झाली ते मलाही नीट आठवत नाही. पहिला मालक म्हातारा होता. त्याचे हात थरथरायला लागले तशी गिऱ्हाइकं आपापले कान वाचवायला दुसरीकडं जाऊ लागली. शेवटी त्यानं दुकान मोडलं आणि मला एका पंचविशीतल्या कारागिराला विकलं.

हा कारागीर म्हणजे दादा. हातगाडीवर घालून त्यानं मला आणलं. मागून गाडी ढकलायला त्याचा धाकटा भाऊ होता. दादा मला 'म्हातारी' म्हणायचा. "म्हातारीला पाणी लागू देऊ नको रे, गंजेल." धाकटा म्हणायचा, "आपण दोघं गंजू, ती नाही."

दोघं भाऊ एका आईच्या पोटचे, पण स्वभावानं दोन टोकं. दादा कात्री लावायच्या आधी गिऱ्हाइकाच्या डोक्याभोवती दोनदा फिरून यायचा. धाकटा आधी उडी मारायचा आणि मग विहीर किती खोल ते बघायचा. शाळेशी त्याचं कधी पटलं नाही, सातवीतच दोघांनी एकमेकांना सोडून दिलं. हात मात्र सोन्याचा. दाढी करताना गिऱ्हाईक घोरायला लागायचं, इतका हलका.

सात-आठ वर्षं छान गेली. एका खुर्चीवर दोन भाऊ आळीपाळीनं काम करायचे आणि बाहेर बाकावर माणसं वाट बघत बसायची. तिथंच दादाला दुकान मोठं करायची हौस आली. शेजारचा गाळा घेतला, मधली भिंत पाडली, काळ्या चकचकीत दोन नव्या खुर्च्या आणल्या. त्यांना मी सुरुवातीला जरा टरकून होते. त्या बटणावर मागं झुकायच्या, मी आपली दांड्यावर चालणारी. मग थंड हवेचं मशीन आलं, छतात दिवे आले, कारागीर दोन वाढले. बँकेचा माणूस कागद घेऊन आला की दादा धाकट्याला हाक मारायचा.

"इथं सही कर. जामीन म्हणून."

"काय लिहिलंय?"

"लिहिलंय की तू माझा भाऊ आहेस."

धाकटा हसायचा आणि सही ठोकायचा. अशा त्यानं चार सह्या केल्या.

गिऱ्हाईक मात्र तेवढंच राहिलं. डोकी काही भिंत पाडून वाढत नाहीत. वर्षभरात दोन्ही कारागीर गेले. महिन्याला हप्ते छत्तीस हजारांचे आणि गल्ला सगळं जाऊन पंचवीसचा. दादा याची टोपी त्याच्या डोक्यावर घालू लागला. बँकेचा हप्ता भरायला पतपेढी, पतपेढीचा भरायला व्याजवाला. हे सगळं तो एकटा करायचा. धाकट्याला नाही, बायकोलाही नाही, कुणालाच त्यानं कळू दिलं नाही. मला कळायचं, कारण दुपारी दुकान रिकामं असलं की तो माझ्या पाठीला हात टेकून उभा राहायचा आणि फोनवर एकच शब्द बोलायचा, "देतो. देतो. देतो ना."

एका मंगळवारी सकाळी, एका गिऱ्हाइकाची उजवी बाजू कापून झाली होती आणि डावी राहिली होती, तेव्हा दादा माझ्यामागं कोसळला. कंगवा हातातच होता. धाकट्यानं त्याला उचलून रिक्षात घातलं, कुलूपही न लावता. ते गिऱ्हाईक अर्ध्या डोक्यानं दुकान राखत बसलं. संध्याकाळी शेजारचा शिंपी सांगत आला, की दादा गेला. तेव्हा त्या माणसानं अंगावरचा कपडा स्वतःच काढला, झटकला, घडी करून ठेवला आणि शटर ओढून किल्ली शिंप्याकडं दिली.

दहा दिवसांनी तो टोपी घालून आला. दुसरीकडं गेला नव्हता. माझ्यावर बसला, टोपी काढली आणि म्हणाला, "घाई नाही. जमेल तेव्हा कर." धाकट्यानं डावी बाजू कापली. त्यानंतरचं त्याचं हे पहिलं काम. सगळा वेळ तो आरशात बघायचं टाळत होता.

आणि मग दादाचा फोन वाजायला लागला.

बँक, पतपेढी, व्याजवाला, दिवेवाला, वीजबिलवाला. दादा आहे का? धाकटा म्हणायचा, "बाहेर गेलाय. आला की सांगतो." पहिल्या दिवशी त्याच्या तोंडून ते चुकून निघालं असेल. दुसऱ्या दिवशीही तेच निघालं. मग त्याला त्याची सवय लागली. दीड महिना तो सगळ्यांना दादा बाहेर गेलाय म्हणून सांगत होता. कधी बाजारात, कधी पाहुण्यांकडं, एकदा तर म्हणाला, "आंघोळ करतोय." फोन ठेवला की तो फोन टॉवेलानं पुसायचा आणि दादा ठेवायचा त्याच खणात ठेवायचा.

एका दुपारी वहिनी डबा घेऊन आल्या. त्या गोळ्यांच्या कारखान्यात पाकिटं भरायच्या कामाला होत्या, पहिली पाळी संपली की इकडं यायच्या. त्यांच्यासमोर फोन वाजला. धाकटा म्हणाला, "दादा जरा बाहेर..."

वहिनींनी फोन त्याच्या हातातून घेतला. "ते वारले. दीड महिना झाला. मी त्यांची बायको बोलतेय. किती आणि कशाचे?"

पलीकडचा बोलत राहिला आणि वहिनी डब्याच्या पिशवीतून पेन काढून टॉवेलांच्या खोक्यावर लिहीत राहिल्या. फोन ठेवून त्यांनी धाकट्याकडं बघितलं. तो माझ्यामागं उभा होता, माझ्या पाठीचा रेक्झिन मुठीत धरून.

"मरायच्या आधी सांगायचं तरी!" तो ओरडला. वहिनींवर नव्हे. "भाऊ आहेस म्हणून सही घेतलीस ना? मग भाऊ म्हणून सांगायचंस!" आणि त्यानं फवाऱ्याची बाटली भिंतीवर फेकली. बाटली प्लॅस्टिकची होती, टप्पा खाऊन पायाशी आली. वहिनींनी ती उचलून जागेवर ठेवली.

"जेवून घे," त्या म्हणाल्या. "मग बेरीज करू."

बेरीज साडेअकरा लाखांवर गेली. खोक्याच्या तीन बाजू भरल्या.

वहिनींनीच कुठूनशी सल्लागार बाई शोधून काढली. कर्जात बुडालेल्यांना फुकट सल्ला देणारी कचेरी असते, तिथली. पन्नाशीच्या, चष्मा दोरीला अडकवलेला. त्या दुकानात आल्या, इकडंतिकडं बघितलं आणि थेट माझ्यावरच बसल्या. पाठ सरळ आणि वजन बेताचं.

"हे बघा," त्या धाकट्याला म्हणाल्या, "सह्या तुमच्या, दुकान दोघांचं, म्हणजे देणं आता तुमचं. तुमची मिळकत आणि तुमचं देणं यांचं या जन्मात जमणार नाही. तुम्ही दिवाळखोरीचा अर्ज करावा असं माझं मत आहे. नव्या खुर्च्या, मशीन, दिवे, सगळं विकलं जाईल. येईल ते सगळ्या देणेकऱ्यांत हिश्शानं वाटलं जाईल. तीन वर्षं तुम्हाला कुणी कर्ज देणार नाही."

"फार वाईट झालं," धाकटा म्हणाला.

बाईंना हसू आलं. "कामाची हत्यारं तुमच्याकडं राहतील. कात्र्या, वस्तरे आणि एक खुर्ची. ही जुनी ठेवा, हिची किंमत कोण करतंय! फक्त एक लक्षात ठेवा. आजपासून कुणालाही पैसे द्यायचे नाहीत. एकालाही नाही."

धाकट्यानं मान हलवली. बाई गेल्या आणि त्यानं वहिनींना सांगून टाकलं, "मी असला अर्ज करणार नाही."

"का?"

"दादाच्या नावाला बट्टा लागेल."

"अर्ज तुझ्या नावानं आहे."

"मग माझ्या लागेल. ते चालेल. पण साबणमामांचं काय?"

साबणमामा म्हणजे दुकानाला साबण, क्रीम, पाती पुरवणारा म्हातारा. खरं नाव कुणी घेत नसे. स्कूटरवर पुढं खोकं, मागं खोकं, मध्ये मामा. त्यांचे चौसष्ट हजार थकले होते. दादा गेल्यावर ते आले होते, बाकावर अर्धा तास बसले, पैशाचं नाव काढलं नाही आणि जाताना पात्यांची दोन पाकिटं ठेवून गेले. म्हणाले, "काम थांबवू नकोस."

"बँकेला बुडवताना मला काही वाटणार नाही," धाकटा म्हणाला. "व्याजवाल्याला बुडवताना तर मजाच येईल. पण ज्यानं एकदाही तगादा लावला नाही, त्याला त्या लोकांबरोबर एका दावणीला बांधू? त्यापेक्षा मी जन्मभर हप्ते भरीन."

"कशातून भरशील?"

तो वस्तरे पुसायला लागला. दोन आठवडे गेले. अर्ज कोराच राहिला. एका सकाळी व्याजवाल्याचा माणूस दारात उभा राहून रस्त्याला ऐकू जाईल असं बोलून गेला आणि बाकावरचं एकमेव गिऱ्हाईक उठून गेलं. तेव्हा धाकट्यानं मनाशी काय ठरवलं कोण जाणे. शिंप्याला हाक मारली, टेम्पो बोलावला आणि दोघांनी मिळून मला वर चढवलं. हत्यार म्हणून जिच्यावर कुणी हात ठेवणार नव्हतं, त्या मलाच त्यानं नेऊन साबणमामांच्या गोदामात उतरवलं.

"मामा, ही चौसष्ट हजारांत धरा. जुन्या वस्तूंचे शौकीन असतात, चांगले पैसे येतील."

"अरे, मला काय करायचीय खुर्ची? मला टक्कल आहे!"

"धरा हो, म्हणजे मी अर्ज करायला मोकळा," असं म्हणून तो पळालाच. जाताना त्याची पाठ हलकी दिसत होती. तशी मी दादा गेल्यापासून बघितली नव्हती.

मामांच्या गोदामात नऊ दिवस मी मजेत काढले. साबणाचा वास होता. मामा माझ्यावर बसून खोकी मोजायचे, वर चढायचे, खाली उतरायचे आणि खुदकन हसायचे. मामी दारातून म्हणायच्या, "म्हाताऱ्याला पाळणा मिळाला."

दहाव्या दिवशी धाकटा आणि वहिनी आले. धाकटा दारातच थांबला.

"या, या," मामा माझ्यावरूनच म्हणाले. "अर्ज केलास म्हणे. बरं झालं."

"अजून सही व्हायचीय." तो जमिनीकडं बघत होता. "मामा, खुर्ची परत न्यायला आलोय."

मामांनी दांडा दाबून धरला आणि ते हळूहळू खाली आले. "दिलेली वस्तू परत मागतोस?"

"बाई म्हणाल्या, कुणाला काही द्यायचं नव्हतं."

"मग दिलीस कशाला?"

"पैसे देऊ नका म्हणाल्या होत्या. खुर्ची देऊ नका असं कुठं म्हणाल्या!"

वहिनी पुढं झाल्या. "मामा, त्यांच्या नियमात एकाला आधी आणि दुसऱ्याला मागून असं चालत नाही. सगळ्यांना एका रांगेत उभं करायचं असतं. यानं तुम्हाला पुढं काढलं. खुर्ची परत आली नाही, तर अर्ज फेटाळतील. आणि आली तरी हिला हत्यार धरणार नाहीत. बाई म्हणाल्या, जिच्यावाचून तुमचं अडतं म्हणता ती तुम्ही आपणहून देऊन टाकलीत, म्हणजे तुमचं अडत नाही. आता हीही विकली जाणार."

"रांगेत?" मामा उठून उभे राहिले. "त्या व्याजवाल्याबरोबर? मी? मी कधी तुझ्या दारात येऊन आरडाओरडा केला?"

"नाही, मामा."

"मग करायला हवा होता!" मामांनी तळहात पुढं केला. "आज करतो. माझे चौसष्ट हजार टाक! आत्ताच्या आत्ता टाक!"

गोदामात आवाज घुमला. मामी पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि तिथंच थबकल्या. मी धाकट्याकडं बघत होते. त्याच्या घरात या प्रश्नाला एकच उत्तर ठरलेलं होतं. दादानं ते दोन वर्षं दिलं होतं. त्याच्याही ओठांवर तेच आलेलं मला दिसलं. 'दे' म्हणून त्याचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

"नाहीत, मामा," तो म्हणाला. "माझ्याकडं नाहीत. आणि व्हायचेही नाहीत."

मामा खाली बसले. बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करायला किका मारत होतं.

"हे एवढं तुझ्या भावानं सांगितलं असतं ना," मामा म्हणाले, "तर माल मी तेव्हाच बंद केला असता. रागावलो असतो दोन महिने. मग परत दिला असता, रोखीवर."

"दादा वाईट नव्हता हो." आणि एवढं बोलून धाकटा रडायला लागला, मोठ्यानं, लाज सोडून. रिक्षात घातलं त्या दिवशी तो रडला नव्हता.

"वाईट कोण म्हणतंय? वाईट माणसाला दोन वर्षं उधार देईन एवढा मी खुळा वाटलो का तुला?" मामांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "रांगेतून मला किती येतील?"

"शंभरातले आठ-नऊ, बाई म्हणाल्या," वहिनींनी सांगितलं.

मामांनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे साडेपाच हजार." त्यांनी तो आकडा पुन्हा एकदा तोंडातल्या तोंडात म्हटला. वाईट वाटलं त्यांना. वाटणारच. चौसष्ट हजार काही झाडाला लागत नाहीत, आणि ते गेले याला 'काही हरकत नाही' असं मामा म्हणाले नाहीत, हे मला आवडलं. ते एवढंच म्हणाले, "चला, धरा. खालून धरा, बूड जड आहे तिचं. आणि यापुढं पाती हवी असली तर रोख."

सही दुसऱ्या दिवशी झाली. महिनाभरानं सरकारी माणूस दुकानात आला. त्यानं काळ्या खुर्च्या नेल्या, दिवे उतरवले, थंड हवेचं मशीन सोडवलं आणि शेवटी मला नेलं. धाकट्यानं त्याच्याकडून पावती घेतली आणि न वाचता खिशात घातली नाही. वहिनींना दिली, त्यांनी मोठ्यानं वाचली, मग ठेवली.

आता मी लिलावाच्या गोदामात आहे. पाठीवर सत्तेचाळीस नंबरची चिठ्ठी आहे. डावीकडं झेरॉक्सचं मशीन, उजवीकडं आइस्क्रीमची पेटी. त्यांनाही कुणीतरी हौसेनंच आणलं असणार. लोक येतात, दांडा दाबून बघतात, मला वर चढवतात आणि तशीच सोडून निघून जातात.

तक्रार नाही. म्हातारीला अजून पाच-दहा वर्षांचं काम होईल. जो कुणी मला घेईल त्याला सांगणं इतकंच, की दर सहा महिन्यांनी पंपाचं तेल बदला. आणि तुमचंही गणित जमेना झालं, तर एकट्यानं टोप्या फिरवत बसू नका. घरातल्या एका माणसाला तरी खरा आकडा सांगा आणि लवकर सांगा. ज्यानं तगादा लावला नाही त्याला आधी द्यावंसं वाटेल. वाटू द्या. पण काही देण्याआधी विचारा.

आज दुपारी धाकटा आला होता. आता तो दुसऱ्याच्या सलूनमध्ये पगारावर आहे, सुटी बघून आला. माझ्याभोवती एक फेरी मारली. मग मला खाली घेतलं आणि बसला. इतक्या वर्षांत तो माझ्यावर एकदाही बसला नव्हता. सारखा मागं उभा. त्याचं वजन माझ्या अंदाजापेक्षा कमीच निघालं.

गोदाम सांभाळणारा माणूस वही घेऊन आला. "घ्यायचीय का? बोली उद्या अकरा वाजता आहे."

"नाही. मला घेता येणार नाही. मी दिवाळखोर आहे."

त्यानं हे नाव किंवा पत्ता सांगावा तसं सांगितलं. आवाज चढला नाही की पडला नाही.

"बरं," गोदामवाला म्हणाला आणि वही मिटली. "मग बसा निवांत. साडेपाचला बंद करतो."

धाकटा बसला. उद्या अकरापर्यंत मलाही कुठं जायचं नव्हतं.